‘नवरंग’ : घरातली जमुना आणि मनातली मोहिनी

विवाहावर आपल्याकडे चित्रपट पुष्कळ निघाले. परंतु पतीची कला, पत्नीचा संसार आणि या दोहोंमधील ओढाताण हसतखेळत मांडणारे थोडेच. व्ही. शांताराम यांचा १९५९ सालचा ‘नवरंग’ हा त्यांपैकी एक. चित्रपट हिंदी असला, तरी त्यामागची दृष्टी मराठी मातीतली आहे आणि त्यातील प्रश्न आजही आपल्या घराघरांत उभा आहे.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापूरचा. त्यांचे वडील जैन होते. १९२९ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी ‘प्रभात’ची स्थापना केली आणि १९४२ मध्ये मुंबईत ‘राजकमल’ उभारले. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये त्यांनी जरठ-कुमारी विवाहावर आसूड ओढला होता. पुढे ‘दो आँखें बारह हाथ’च्या चित्रीकरणात बैलाशी झुंजताना त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. पट्टीआडच्या त्या अंधारात त्यांना रंग दिसू लागले आणि त्यांतूनच ‘नवरंग’ची कल्पना उमलली. चित्रपटाच्या आरंभी हे निवेदन ते स्वतःच करतात.

कथा साधी आहे. कवी दिवाकर याची पत्नी जमुना संसारात बुडालेली. नटणे नाही, थट्टा नाही. पतीच्या काव्यात तिला रस नाही. मग दिवाकर मनातल्या मनात एक मोहिनी निर्माण करतो. तिचा चेहरा थेट जमुनेचा. पण ती नटते, नाचते, त्याच्या शब्दांना दाद देते. या मोहिनीवरची गाणी त्याला राजदरबारात मान मिळवून देतात. जमुनेला मात्र वाटते, पतीच्या आयुष्यात कोणी परस्त्री आली. संशय वाढतो आणि ती माहेरी निघून जाते. ती गेली, तशी मोहिनीही जाते. भर दरबारात कवीला शब्द सुचत नाहीत. अखेर जमुना समोर येते, तेव्हा त्याला उमगते, की मोहिनी ती हीच.

महिपाल यांचा दिवाकर, जमुना व मोहिनी या दोन्ही भूमिकांत संध्या, भरत व्यास यांची गीते आणि सी. रामचंद्र यांचे संगीत यांमुळे चित्रपट लोकप्रिय झाला. होळीच्या नृत्यात तर संध्या एकाच वेळी स्त्री आणि पुरुष अशी दोन्ही रूपे साकारतात. एका देहात दोन रूपे, हे चित्रपटाचे सूत्रच तेथे दृश्यरूप होते.

जैन वाचकाला हे सूत्र अपरिचित नाही. आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त सोन्याच्या घटाचा दृष्टान्त दिला आहे. घट मोडून मुकुट घडवला, तर घट हवा असणारा दुःखी होतो, मुकुट हवा असणारा आनंदतो. ज्याला सोनेच हवे होते, तो मध्यस्थ राहतो. पर्याय बदलतात, द्रव्य टिकते. दिवाकराची चूक हीच, की त्याने पर्यायावर प्रेम केले आणि द्रव्य ओळखले नाही. श्रावकाच्या अणुव्रतांत स्वदारसंतोष सांगितला आहे. त्याचा अर्थ परस्त्रीचा त्याग एवढाच घेतला, तर दिवाकर निर्दोष ठरतो. पण संतोष हा शब्द त्याहून पुढचे मागतो. जी समोर आहे, तिच्याकडे पाहण्याची तयारी मागतो.

येथे चित्रपटाची एक उणीवही नोंदवली पाहिजे. जमुना का नटत नाही, तिला विसावा कधी मिळतो, हे दिवाकर विचारत नाही आणि दिग्दर्शकही फारसे विचारत नाहीत. कवीच्या कल्पनेला नऊ रंग मिळाले. जमुनेच्या कष्टांना मात्र एकही गीत मिळाले नाही. दरबार दाद देतो ती मोहिनीच्या गाण्यांना. घर चालवणारीला दाद देणारा दरबार नसतो.

आपल्या शिरपूर जैन येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूची नजर आधी मूर्तीखालच्या अंतराकडे जाते. ते स्वाभाविक आहे. परंतु चमत्कार पाहून परतला आणि प्रभूंची वीतराग मुद्रा पाहायची राहिली, तर यात्रा अपुरी राहते. संसारातही असेच घडते. आज विवाहापूर्वीच नवदांपत्याचे चित्रीकरण होते, विवाहात मोठ्या पडद्यावर ते दाखवले जाते. पूर्वी कवीच्या मनात असलेली मोहिनी आता विवाहाच्या दिवशीच मंडपात अवतरते. मग सहा महिन्यांनी स्वयंपाकघरातली जमुना दिसली, की दोघांनाही फसल्यासारखे वाटते. अनेक गावांच्या समाजसभांत या प्रथेच्या खर्चावर चर्चा होते, ती योग्यच आहे; पण खर्चाहून मोठी हानी अपेक्षांची आहे.

लग्नसराईच्या आधी विवाहेच्छू मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही ‘नवरंग’ एकत्र बसून अवश्य पाहावा. गाण्यांचा आनंद घ्यावा, हसावे. आणि चित्रपट संपल्यावर घरातील ज्येष्ठ स्त्रीला विचारावे, की तुमच्या कामाला शेवटची दाद कोणी दिली होती? उत्तर यायला वेळ लागला, तर तो वेळ थांबून ऐकावा.