सरगुंड्यांच्या गावात पास्ता

धामणगाव बढ्याकडे उन्हाळ्यात सरगुंडे होतात. रव्याच्या घट्ट गोळ्याची बारीक वळी करायची, ती काडीवर वेटोळी गुंडाळत न्यायची आणि हलकेच सरकवून खाटेवरच्या धुतलेल्या लुगड्यावर टाकायची. काडी निघते, पोकळ वेटोळं उरतं. सिसिलीत त्रापानीकडे असाच काडीवर वळलेला पास्ता असतो, त्याला बुसियाते म्हणतात. तरी पाकीट घरात आलं की आत्याचा शेरा ठरलेला: "मैद्याचं इंग्रजी खूळ कशाला आणलं?"

मैद्याबद्दल आत्या अर्धी बरोबर आहे. स्वस्त पाकिटांत मैदा असतोच. पण इटलीत सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा, असा 1967 पासून कायदा आहे. ड्युरम म्हणजे आपल्याकडचा बन्सी गहू: कठीण दाणा, पिवळसर रवा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तर याचे 'एमएसीएस 4028' असे वाणही काढले आहे. तेव्हा पाकीट उलटं करून घटक वाचा. 'ड्युरम सेमोलिना' लिहिलं असेल तर तो रवा, मैदा नव्हे.

इंग्रजीचा मात्र काही संबंध नाही. आणि मार्को पोलोने चीनहून शेवया इटलीत आणल्या, ही गोष्टही खोटी. तो व्हेनिसला परतला 1295 मध्ये. त्याआधी 1279 च्या जिनोव्हातल्या एका दस्तऐवजात मकरोनीने भरलेल्या पेटीची नोंद आहे, आणि 1154 मध्ये अल-इद्रिसीने सिसिलीत शेवयांसारखा पदार्थ बनून परदेशी जात असल्याचं लिहून ठेवलं आहे.

आता चुलीकडे. उकळत्या पाण्यात तेल टाकलं की पास्ता चिकटत नाही, असं सगळेच सांगतात. तेल वर तरंगतं, पास्ता खाली बुडतो. भेट होणार कशी? पहिली दोन मिनिटं ढवळा, एवढं पुरे. मीठ मात्र टाका, शंभर ग्रॅमला लिटरभर पाणी आणि दीड चमचा मीठ. मिठाने पाणी लवकर उकळतं हाही भ्रमच. मीठ चवीसाठी, कारण नंतर वरून घातलेलं आत मुरत नाही. शिजल्यावर थंड पाण्याने धुऊ नका. पृष्ठभागावरची पिठूळ साय धुऊन गेली की रस्सा धरत नाही. उलट पास्ता शिजवलेलं वाटीभर पाणी बाजूला काढा.

पास्त्यात घालायची झुकिनी आणायला मलकापूरचा बाजार गाठायची गरज नाही. झुकिनी आणि आपलं गिलकं एकाच कुळातले. फक्त गिलक्याला पाणी फार सुटतं, म्हणून आच मोठी आणि झाकण नको. दोन माणसांना दोन कोवळी गिलकी, चार पिकलेले टमाटे, एक कांदा, लसणाच्या सहा पाकळ्या. तेलात लसूण नुसता वासाला येऊ द्या, करपवू नका. मग कांदा, गिलकी, आणि शेवटी टमाटे. ते फुटून पातळ झाले की किंचित कच्चा काढलेला पास्ता आणि राखलेलं पाणी घाला, आचेवरच हलवत रहा. पाणी आणि तेल एकजीव होऊन रस्सा चकचकीत होतो, तेव्हा खाली उतरवा. पास्ता दाताला किंचित कडक लागला पाहिजे. मऊ मऊ शिजवला की साखर रक्तात जास्त झपाट्याने चढते.

तुळशीची पानं टाकू नका, चव उग्र होते. इटलीतली तुळस म्हणजे आपलं सब्ज्याचं झाड. ज्याचं बी आपण सरबतात घालतो त्याचीच कोवळी पानं टाका. चीज नसलं म्हणून काय अडतं? दक्षिण इटलीतल्या गरीब घरांत चीजऐवजी शिळ्या पावाचा चुरा तेलात कुरकुरीत परतून वर भुरभुरवत. आपल्याकडे शिळी पोळी चालते.

आणि पाकीट संपलं असेल तर डब्यात सरगुंडे आहेतच. आमरसाशी त्यांची सोयरीक जुनी, पण टमाट्याशीही जमतं. किती मिनिटं शिजवायचे ते डब्यावर लिहिलेलं नसतं. त्यासाठी आत्यालाच विचारावं लागेल.