शिंकताना लघवी का निसटते?

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावरच पेललेले असतात. गरोदरपणात वाढत्या गर्भाचा भार आणि संप्रेरकांमुळे ही झोळी सैलावते. मग खोकताना, हसताना लघवी निसटते. ‘बाळंतपणात असं व्हायचंच’ म्हणून बायकांना गप्प केलं जातं, ते चूक आहे. दुर्लक्ष केल्यास पुढे काहींना अंग बाहेर येण्याचाही त्रास होतो.

ही झोळी बळकट करण्यासाठी अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये मांडलेला व्यायाम आजही सांगितला जातो. योगातला मूलबंध त्याच्या जवळचा.

कसा करायचा? वारा आणि लघवी रोखताना आत जे आवळतं, तेच आवळून वर ओढायचं. सुरुवातीला तीन-चार सेकंद, सवयीने दहापर्यंत. मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, मांड्या-नितंब आवळू नका. लघवी करताना मध्येच धार थांबवण्याचा सराव मात्र नको, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. फरक जाणवायला साधारण तीन महिने लागतात, म्हणून सुरुवात लवकर हवी. सिझेरियन होणार असलं, तरीही.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिथे लघवी निसटण्याबद्दल स्वतःहून बोला, डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका.