अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हाती आलेला कॅमेरा
ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांचा जन्म 1815 मध्ये कोलकात्यात झाला. पुढे इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट बेटावर राहत असताना, 1863 च्या अखेरीस लेक-जावयांनी त्यांना कॅमेरा भेट दिला. तेव्हा त्या 48 वर्षांच्या होत्या.

छायाचित्रण त्या काळी कष्टाचे आणि घाणेरडे काम होते. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच छायाचित्र घेऊन धुवायची. हात, कपडे काळे पडत. कॅमेरनबाईंनी कोळशाच्या खोलीत अंधारखोली थाटली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. (कोंबड्यांचे मत कोणी विचारले नसावे.)

काचेवर पुरेसा प्रकाश पडायला काही मिनिटे लागत, तोवर समोरच्याने हलायचे नाही. कवी टेनिसन, निसर्गशास्त्रज्ञ डार्विन, खगोलशास्त्रज्ञ हर्शेल यांनीही हा जाच सोसला. कॅमेरनबाईंच्या छायाचित्रांतील अस्पष्टपणाला समकालीन छायाचित्रकारांनी ढिसाळपणा म्हटले. आज तीच त्यांची शैली मानली जाते, आणि ते योग्यच आहे. 1875 मध्ये त्या सिलोनला (आजच्या श्रीलंकेला) गेल्या. तिथे त्यांनी फार थोडी छायाचित्रे घेतली. 1879 मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.