विश्लेषण : स्पोर्टी की आरामदायी? आलिशान कार घेण्यापूर्वी मागच्या सीटवर बसून का पाहावे?

साठ-सत्तर लाखांची कार घेताना बहुतेक ग्राहक इंजिनाची ताकद, पडद्याचा आकार आणि सनरूफ पाहतात. टेस्ट ड्राइव्ह मात्र शोरूमजवळच्या गुळगुळीत रस्त्यावर, तीही पुढच्या सीटवरून, दहा-पंधरा मिनिटांत उरकते. गाडी घरी आल्यावर पहिल्या पावसाळ्यात खरा फरक कळतो. स्पोर्टी आणि आरामदायी गाडीत नेमका फरक काय असतो? तो कुठे मोजता येतो? आणि कोणासाठी कोणती गाडी योग्य?

नाव एक, स्वभाव दोन

हा फरक समजून घेण्यासाठी बीएमडब्ल्यूच्या ‘३ सीरिज’चे उदाहरण सोयीचे आहे. २०२१ मध्ये या नावाच्या दोन गाड्या भारतात पाठोपाठ आल्या. जानेवारीत ‘ग्रॅन लिमोझिन’ आणि मार्चमध्ये ‘एम३४०आय’. दोन्हींची जुळणी चेन्नईजवळच्या कारखान्यात. मात्र त्यांचे ग्राहक वेगळे.

ग्रॅन लिमोझिनचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर, २,९६१ मिलिमीटर आहे. एम३४०आयचा २,८५१. हे ११० मिलिमीटर प्रामुख्याने मागे बसणाऱ्यांच्या पायांसाठी वाढवलेले आहेत. ३३०एलआय या पेट्रोल प्रकारात दोन लिटरचे, २५८ अश्वशक्तीचे इंजिन असून शून्य ते १०० किलोमीटरचा वेग गाठायला ६.२ सेकंद लागतात. एम३४०आयमध्ये तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आहे. २०२२ च्या अखेरीस आलेल्या सुधारित आवृत्तीत त्याची ताकद ३७४ अश्वशक्ती असून तोच वेग ४.४ सेकंदांत गाठला जातो.

गंमत अशी की, लांब व्हीलबेसची आरामदायी गाडीही ‘एम स्पोर्ट’ याच नावाने विकली जाते. आक्रमक बंपर, जाड स्टिअरिंग, मोठी अलॉय व्हील्स हा झाला पेहराव. गाडीचा स्वभाव त्यावरून ठरत नाही. म्हणून मागे लावलेला बिल्ला न पाहता गाडीच्या खाली काय आहे, ते पाहावे लागते.

‘कडक’ आणि ‘मऊ’ म्हणजे काय?

गाडीचे वजन स्प्रिंगवर तोललेले असते. खड्ड्यातून गेल्यावर ती ज्या लयीत वर-खाली होते, ती लय स्प्रिंगच्या कडकपणावर आणि वजनावर ठरते. आरामदायी गाड्यांमध्ये ही लय साधारण सेकंदाला एक ते सव्वा वेळा असते. माणूस सावकाश चालतो तेव्हा शरीराची लय याच्या जवळपास असते, त्यामुळे ती सुखद वाटते. स्पोर्टी सेडानमध्ये स्प्रिंग कडक असल्याने ही लय सेकंदाला दीड ते दोन वेळांपर्यंत जाते.

कडक स्प्रिंगचा फायदा वळणावर दिसतो. गाडी कमी कलते, स्टिअरिंग फिरवताच दिशा बदलते, अचानक लेन बदलावी लागली तरी ती डोलत नाही. ताम्हिणी किंवा आंबा घाटात स्वतः गाडी चालवणाऱ्याला यातून मिळणारा विश्वास खरा असतो. तो केवळ हौसेचा भाग नाही.

याची किंमत खराब रस्त्यावर मोजावी लागते. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते. पेव्हर ब्लॉक, उखडलेले डांबर, पुलावरचे सांधे यांतून अशीच जलद कंपने येतात. कडक स्प्रिंग आणि पातळ टायर त्यातली अधिक कंपने सीटपर्यंत पोहोचवतात. पाठीचा किंवा मानेचा त्रास असलेल्याला तासाभरात हा फरक जाणवतो.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

विक्री प्रतिनिधीला एकही प्रश्न न विचारता मिळणारी माहिती टायरवर छापलेली असते. ‘२२५/५० आर १७’ म्हणजे टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ५० टक्के आणि रिम १७ इंची. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये सुमारे ११२ मिलिमीटर रबर. ‘२५५/३५ आर १९’ मध्ये हेच रबर सुमारे ८९ मिलिमीटर राहते.

हा सव्वादोन सेंटिमीटरचा फरक क्षुल्लक नाही. खड्ड्याचा पहिला धक्का साइडवॉल पचवते. ती जितकी कमी, तितका धक्का थेट रिमवर. रिम वाकणे आणि साइडवॉल कापली जाणे या पावसाळ्यातल्या नेहमीच्या तक्रारी असतात. साइडवॉलच्या कापाला पंक्चर काढून भागत नाही, टायरच बदलावा लागतो. नेहमीच्या मोटार विम्यात, गाडीच्या इतर भागाचे नुकसान झाले नसेल तर केवळ टायरचे पैसे मिळत नाहीत; त्यासाठी वेगळे टायर कव्हर घ्यावे लागते.

त्यामुळे एकाच गाडीत १८ आणि १९ इंची चाकांचा पर्याय असेल, तर लहान चाक दिसायला साधे वाटले तरी रस्त्यावर अधिक आरामदायी ठरण्याची शक्यता मोठी. रन-फ्लॅट टायर असतील तर तेही लक्षात घ्यावे. हवा गेल्यावरही काही अंतर चालता यावे म्हणून त्यांची साइडवॉल मुद्दाम कडक केलेली असते.

‘कम्फर्ट’ बटण पुरेसे नाही का?

अनेक आलिशान गाड्यांत ‘कम्फर्ट’ आणि ‘स्पोर्ट’ असे मोड असतात. ‘एका बटणात दोन गाड्या’ अशी त्यांची जाहिरात होते. ती पूर्ण खरी नाही. मोड बदलल्यावर ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगचे वजन बदलते. ॲडॅप्टिव्ह शॉक ॲब्सॉर्बर असतील तर त्यांचा कडकपणाही बदलतो. धातूची स्प्रिंग आणि टायर मात्र तेच राहतात. मूळची कडक गाडी कम्फर्ट मोडमध्ये थोडी नरमते, पण आरामदायी गाडी होत नाही.

एअर सस्पेन्शनची गोष्ट वेगळी. त्यात धातूच्या स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे गाडीची उंचीही बदलता येते. मर्सिडीजच्या एस-क्लाससारख्या गाड्यांचा मऊपणा बऱ्याच अंशी त्यातून येतो. मात्र वॉरंटी संपल्यावर त्याची दुरुस्ती साध्या स्प्रिंगपेक्षा बरीच महाग पडते.

मागच्या सीटवर वेगळे काय घडते?

चालक साधारणपणे दोन्ही ॲक्सलच्या मधोमध असतो. मागचा प्रवासी मागच्या ॲक्सलच्या जवळ असतो, त्यामुळे स्पीड ब्रेकरवर मागचे चाक आपटले की तो धक्का त्याला अधिक बसतो. व्हीलबेस लांब असेल तर गाडीचे पुढे-मागे झुलणे कमी होते. मात्र त्याच लांबीमुळे उंच, अरुंद गतिरोधकावर गाडीचे पोट घासण्याचा धोका वाढतो. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. गल्लीबोळांतले अनेक गतिरोधक या मापात बसत नाहीत, हे रोजच्या अनुभवाचे आहे.

घाटातली मळमळ हा आणखी एक मुद्दा. दर दोन ते दहा सेकंदांना एक अशा संथ डोलण्याने ती अधिक होते. त्यामुळे फार मऊ, डोलणारी गाडी वळणांवर त्रासदायक ठरू शकते. पण याला गाडीइतकीच चालकाची पद्धतही कारणीभूत असते. चालकाला पुढचे वळण आधी दिसते, मागे मोबाइल पाहणाऱ्याला दिसत नाही.

भारतातल्या आलिशान गाड्यांचे अनेक मालक मागे बसतात, हे कंपन्यांनी ओळखले आहे. चाकणमध्ये तयार होणारी मर्सिडीज ई-क्लास २०१७ पासून लांब व्हीलबेसमध्ये मिळते. २०२४ च्या पिढीत हे अंतर ३,०९४ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी आलेली बीएमडब्ल्यू ५ सीरिजही ३,१०५ मिलिमीटरच्या व्हीलबेससह आली.

४.४ सेकंदांचा उपयोग किती?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारसाठी कमाल वेगमर्यादा १०० किलोमीटर आहे, घाटात त्याहून कमी. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ती १२०. म्हणजे ही ताकद पूर्णपणे वापरण्याची कायदेशीर संधी फार थोडी. ओव्हरटेक करताना आणि महामार्गाच्या वाहतुकीत शिरताना ती उपयोगी पडते, पण त्यासाठी ६.२ सेकंदांची गाडीही पुरेशी आहे. एम३४०आयसारख्या गाडीचे खरे सुख तिच्या स्टिअरिंगमध्ये, ब्रेकमध्ये आणि वळणावरच्या पकडीत आहे. ते चालवणाऱ्यालाच मिळते, मागे बसणाऱ्याला नाही.

निर्णय कसा घ्यावा?

शोरूममध्ये जाण्यापूर्वी एक हिशेब कागदावर मांडता येतो. आठवड्यातले किती तास मालक स्वतः गाडी चालवणार, किती तास मागे बसणार आणि मागे नेहमी कोण असणार? स्वतः चालवणे अधिक आणि मागची सीट बहुधा रिकामी, तर स्पोर्टी गाडी घेण्यात काहीच चूक नाही. चालक ठेवलेला असेल किंवा घरात ज्येष्ठ असतील, तर लांब व्हीलबेस आणि जाड साइडवॉल यांना प्राधान्य द्यावे. त्यानंतर टेस्ट ड्राइव्ह अशी घ्यावी :

• मार्ग आपण ठरवावा. घर ते कार्यालय हा रोजचा रस्ता, त्यातल्या खड्ड्यांसह.

• किमान अर्धा तास मागच्या सीटवर बसावे. घरातल्या ज्येष्ठांना सोबत न्यावे आणि त्यांना गाडीत बसणे-उतरणे जमते का, ते पाहावे.

• सोसायटीचा उतार आणि गल्लीतला सर्वांत वाईट गतिरोधक पार करून पाहावा, शक्यतो चार जण बसवून.

• टेस्ट ड्राइव्हची गाडी आणि प्रत्यक्ष मिळणारी गाडी यांच्या चाकांचा आकार एकच आहे का, हे लेखी विचारावे.

• स्टेपनी आहे की रन-फ्लॅट टायर, आणि एका टायरची किंमत किती, हे बुकिंगपूर्वी माहीत करून घ्यावे.

सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या कारवर ४० टक्के जीएसटी आहे, वर राज्याचा नोंदणी कर. वर्षभरात गाडी बदलायची वेळ आली तर हा पैसा परत येत नाही, पुनर्विक्रीतली घट वेगळी. मागच्या सीटवरचा तो अर्धा तास मात्र फुकट मिळतो, फक्त तो मागून घ्यावा लागतो.