कंट्रोल सी, कंट्रोल व्ही आणि अंबरनाथची पोरं!

माहीत आहे का? मराठी विकिपीडियाचा बर्थडे महाराष्ट्र दिनाला असतो! १ मे २००३ ला तो सुरू झाला. नाव ‘विकी’, पण विकत काहीच नाही. वाचणं फुकट, लिहिणंही फुकट. डिग्री तर कुणी विचारतच नाही.

ओपनस्ट्रीटमॅप हाही असाच, सगळ्यांनी मिळून रंगवलेला जगाचा नकाशा. तो २००४ मध्ये सुरू केला स्टीव्ह कोस्टने. तेव्हा तो कोण होता? लंडनमधला कॉलेज स्टुडंट!

आता पुणेरी किस्सा. २०११ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या कॉलेजांत प्रयोग केला. इंजिनिअरिंगचं सीओईपी, सिम्बायोसिसचं स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, एसएनडीटी... असाइनमेंट एकच: इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहा. आयडिया झक्कास! झालं काय? पुस्तकांतले, वेबसाइटवरचे उतारे धडाधड जसेच्या तसे चिकटले. ते उपसता उपसता जुन्या संपादकांना घाम फुटला आणि प्रयोग मुदतीआधीच गुंडाळला. टायमिंग बघा, त्याच नोव्हेंबरात मुंबई विद्यापीठात भारतातली पहिली विकिकॉन्फरन्स रंगली. पाहुणे? विकिपीडियाचे सहसंस्थापक, खुद्द जिमी वेल्स!

दोष फक्त पोरांचा? मला नाही वाटत. बारा वर्षं ‘पुस्तकातलंच उत्तर लिही’ म्हणून मार्क द्यायचे आणि तेराव्या वर्षी ‘स्वतःच्या शब्दांत’ मागायचं, हा कुठला न्याय?

अतिउत्साहाचा वर्ल्ड क्लास नमुना हवाय? स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर हजारो लेख लिहिणारा निघाला एक अमेरिकन मुलगा. सुरुवात केली बाराव्या वर्षी. त्याला स्कॉट्स येतच नव्हती! हे उघड व्हायला २०२० उजाडलं.

आणि क्राउडसोर्सिंग, म्हणजे लोकांनी मिळून केलेलं काम, ही इंटरनेटची देणगी? अहो, ऑक्सफर्ड डिक्शनरीच्या जेम्स मरेंनी १८७९ मध्येच वाचकांना आवाहन केलं होतं: शब्द शोधा, चिठ्ठीवर वाक्य उतरवा, पोस्टाने पाठवा. मरे तेव्हा शाळामास्तर. चिठ्ठ्या लावायला घरचीच मुलं, पगार म्हणून पॉकेटमनी!

चला, आता आपल्या गावात. अंबरनाथचं शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, हे तुमच्या आजीनेही सांगितलं असेल. विकिपीडिया विचारतो, ‘संदर्भ?’ संदर्भ मंदिरातच कोरलाय! शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०. राजा शिलाहार घराण्यातला मुम्मुणी. सॉरी, आजी! पण आजीची गोष्टही लेखात बसते बरं का, फक्त ‘आख्यायिका’ म्हणून. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जा आणि वर बघा. शिखर अपुरं, माथ्यावर थेट आकाश. असा फोटो विकिपीडियाच्या फोटोसंग्रहात, म्हणजे कॉमन्सवर टाकायला किती वेळ लागतो?

फोटोंचंही रेकॉर्ड आहे, माहीत आहे का? वास्तूंच्या फोटोंची ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ ही स्पर्धा. २०११ मध्ये तिच्यात १,६८,२०८ फोटो आले आणि गिनीज बुकाने जगातली सर्वांत मोठी फोटो स्पर्धा म्हणून नोंद केली.

शेजारी उल्हासनगर, ‘मेड इन यूएसए’ (म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन!) जोकचं माहेरघर! फाळणीनंतर ब्रिटिशांच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली. छावणी गेली, पण पत्ता अजून ‘कॅम्प नंबर चार’ असाच. त्या कॅम्पांतली बेकरी, जीन्सचे कारखाने, अंबरनाथची एकेकाळची काडेपेटीवाली विमको, वालधुनी नदी... विषयांची काडीचीही कमी नाही.

तर सर, मॅडम, यंदा प्रोजेक्ट म्हणून थर्माकोलचं मंदिर नको. वर्गाला चार-चारच्या ग्रुपमध्ये लायब्ररीत बसवा. प्रत्येक ग्रुपला एक परिच्छेद, एक छापील संदर्भ, एक स्वतः काढलेला फोटो. आणि ‘प्रकाशित करा’ दाबण्याआधी तो परिच्छेद एकदा तुम्ही स्वतः वाचा!