राजधानीतील हत्यासत्र आणि अनामिक बळी : रामन राघव प्रकरणाच्या संदर्भात रहस्यकथेचा विचार

प्रस्तावना

रहस्यकथा हा मराठी वाचकांच्या आवडीचा, परंतु समीक्षेने सातत्याने उपेक्षिलेला वाङ्मयप्रकार होय. ज्यांच्या लेखननावातच आजच्या पालघर जिल्ह्यातील अर्नाळा गाव आहे, त्या बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड घराघरांत पोहोचले. पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी हा वाचकवर्ग टिकवून ठेवला. या प्रकारातील एक लोकप्रिय साचा म्हणजे राजधानीच्या शहरात एकामागून एक होणारे खून, हादरलेले शासन आणि चतुर गुप्तहेर. मुंबई या राज्याच्या राजधानीत असे हत्यासत्र प्रत्यक्षात घडले. ते या साच्यात कितपत बसते, आणि जव्हार-मोखाड्यासारख्या प्रदेशातील वाचकास ते परके का वाटू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साचा आणि त्याची गृहीते

रहस्यकथेतील तपास बळी पडलेल्या व्यक्तीपासून सुरू होतो. तिचे शत्रू कोण, वारसा कोणास मिळणार, शेवटी कोण भेटले, या प्रश्नांतून हेतू सापडतो आणि हेतूतून खुनी. मालिकाखुनांच्या कथेतही हे गृहीत सुटत नाही. अॅगाथा ख्रिस्ती यांच्या १९३६ मधील ‘द एबीसी मर्डर्स’ या कादंबरीत अनेक खुनांची मालिका दिसते. परंतु ती एकाच हेतुपुरस्सर खुनावर घातलेले पांघरूण ठरते. बळीला नाव, घर आणि नातीगोती आहेत, ही लेखकाची पहिली सोय असते. ही सोय नसेल तर काय होते, हे मुंबईच्या प्रकरणात दिसते.

१९६८ : प्रत्यक्ष तपास

१९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वेमार्गालगतच्या झोपड्यांत आणि पदपथांवर झोपलेल्या माणसांवर रात्री हल्ले झाले. एकोणीस जणांवर हल्ला झाला; त्यांपैकी नऊ जण मृत्यू पावले. त्या वेळी संशयावरून एक इसम ताब्यात घेण्यात आला होता. परंतु पुराव्याअभावी त्यास सोडावे लागले. १९६८ मध्ये उत्तरेकडील उपनगरांत पुन्हा तसेच खून होऊ लागले. जड, बोथट वस्तूने डोक्यावर घाव, बळी झोपेत, आणि खुनी व बळी यांच्यात कोणतीही ओळख नाही. हेतू शोधणारी नेहमीची पद्धत येथे निरुपयोगी होती. एका झोपडीतील मृत्यूचा दुसऱ्या वस्तीतील मृत्यूशी असलेला संबंधही सहज ध्यानात येण्याजोगा नव्हता.

तपासाची सूत्रे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. पुढे १९७० च्या दशकात परभणी जिल्ह्यातील मानवत हत्याकांडाचा तपासही त्यांनीच केला. मात्र गुन्हेगार सापडला तो एखाद्या चमकदार तर्कामुळे नव्हे. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या एका इसमास जुन्या छायाचित्रावरून ओळखले. बोटांच्या ठशांनी तो पूर्वीच नोंद असलेला रामन राघव ऊर्फ सिंधी दलवाई असल्याचे निश्चित केले. कोणत्याही कादंबरीकाराला हा शेवट नीरस वाटेल. पण पहिल्या वेळी सोडून दिलेल्या माणसाचे छायाचित्र व ठसे कोणी तरी नीट जपून ठेवले होते, आणि त्या कारकुनी शिस्तीनेच हे सत्र थांबले.

अटकेनंतर तो दीर्घकाळ गप्प राहिला; जेवणात कोंबडी मिळाल्यावर बोलू लागला, हा तपशील पुढे सर्वतोमुखी झाला. त्याने चाळीसहून अधिक खुनांची कबुली दिली. खटला मात्र मालाड परिसरातील दोन खुनांबद्दल चालला. १९६९ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने त्यास तपासले. असाध्य मनोविकाराच्या निदानामुळे १९८७ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप झाली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या विकाराने मरण पावला. त्याच्यावर १९९१ मध्ये श्रीराम राघवन यांनी लघुपट केला आणि २०१६ मध्ये अनुराग कश्यप यांच्या चित्रपटाने त्याचे नाव शीर्षकातच घेतले. कबुलीतील आकडा आणि खटल्यातील दोन खून यांच्यामध्ये जी माणसे राहिली, त्यांतील बहुतेकांची नावे लोकस्मृतीत कधी आलीच नाहीत.

जगायला गेलेली माणसे

जव्हार-मोखाड्यात दिवाळीनंतर कुटुंबे ‘जगायला’ जातात. स्थलांतरासाठी येथे रूढ असलेला हा शब्दप्रयोग पुरेसा बोलका आहे. भातकापणी झाली, घरातील दाणे संपू लागले, की वारली, कोकणा, कातकरी, ठाकर कुटुंबे लेकराबाळांसह भिवंडी, वसई, ठाणे परिसरातील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळातील निवारा म्हणजे प्लास्टिक, बांबू वा सुट्या विटांचा आडोसा. रामन राघवच्या बळींचा निवारा याहून फारसा वेगळा नव्हता.

येथे प्रश्न केवळ सुरक्षिततेचा नाही, नोंदीचाही आहे. शिधापत्रिका गावी, मतदारयादीतील नाव गावी, मुलांचा हजेरीपट गावी; राहणे मात्र भट्टीवर. भट्टीमालकाच्या वहीत बहुधा उचल घेतलेल्या कुटुंबप्रमुखाचेच नाव असते. पत्नी, म्हातारी, मुले त्या नावामागे लपतात. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. मोखाड्याहून भिवंडीस जाणारे कुटुंब त्याच्या कक्षेत कधीच आले नाही. मुंबई पोलिसांच्या दप्तरात १९६८ साली गुन्हेगाराचे छायाचित्र होते. भट्टीवरच्या त्या आडोशात आज रात्री नेमकी किती माणसे झोपली आहेत, हे लिहिलेले दप्तर भिवंडीतही नसते आणि मोखाड्यातही नसते.