वेल लावावी, पण कोणती?

बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बंगला, हिरवळ आणि माळी उभे राहतात. परंतु ज्यांचे अंगण जेमतेम दोन खाटांचे आहे, त्यांनाही बाग करता येते. ती मात्र वर चढणारी हवी.

आमचे घर पत्र्याचे आहे. वार्षिक परीक्षेचा अभ्यास ऐन एप्रिलमध्ये त्याच पत्र्याखाली करावा लागतो. तेव्हा लवकर वाढणारी वेल कोणती, हा प्रश्न माझ्यापुरता हौसेचा नसून सावलीचा आहे.

वेल निवडताना ती चढते कशी, हे प्रथम पाहावे. चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने १८६५ साली वेलींवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला आणि चढण्याच्या तऱ्हेवरून त्यांचे गट पाडले. आपल्या अंगणाला त्यांतले दोन पुरेत. दोडका, कारले, काकडी यांना तणावे, म्हणजे स्प्रिंगसारखे वळणारे बारीक तंतू असतात. ते सुतळीला किंवा तुराटीला चटकन विळखा घालतात. जाड खांब त्यांच्या कवेत मावत नाही. गोकर्ण, वाल, मायाळू यांचे खोडच आधाराभोवती पीळ घालत वर जाते. त्यांना ताणलेली दोरी किंवा बारीक बांबू पुरतो.

दुसरा विचार वेलीच्या आयुष्याचा. दोडका साधारण दोन महिन्यांत मांडव धरतो, भाजी देतो आणि हंगाम सरला की वाळून जातो. मधुमालती वर्षानुवर्षे राहते. पण तिचे खोड लाकडासारखे जाड होते आणि भार वाढत जातो. कुडाच्या भिंतीवर किंवा जुन्या पत्र्यावर ती चढवू नये. गारवेल झपाट्याने वाढते खरी, परंतु तिची पेरे जमिनीला टेकतील तेथे मुळे धरतात आणि शेजाऱ्याचे अंगणही तिला अपुरे पडते.

तिसरा विचार पाण्याचा. ज्या वस्तीत मे महिन्यात हंड्यांची रांग लागते, तेथे पाच वेली लावणे म्हणजे पाचही सुकवणे होय. त्यापेक्षा दोनच लावाव्यात, एक दोडका आणि एक गोकर्ण. गोकर्ण एकदा रुजली की थोड्या पाण्यावर तग धरते. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी बुंध्याशी ओतावे व भोवती पालापाचोळा पसरावा.

दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते, म्हणून मांडव त्या बाजूस करावा. वेल भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, म्हणजे मधून वारा खेळतो. पत्र्यावर न्यायची झाल्यास खाली तुराट्या पसराव्यात; तापलेल्या पत्र्यावर कोवळे शेंडे करपतात.

दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात. दिवसभर वर्गात असणाऱ्या आपल्यासारख्यांना ती घरी परतल्यावरही पाहता येतात, हाही एक लाभच!

मित्रहो, गोकर्णीच्या वाळलेल्या शेंगा एकमेकांना द्या. बी रात्रभर भिजवून संक्रांत झाली की मातीत टाका. परीक्षा येईपर्यंत खिडकीशी थोडी सावली नक्की येईल.